तेराव्या वर्षाची चाल

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचं संपादित रूप)



आज मी तुम्हाला दोन मुलांची गोष्ट सांगणार आहे. एक मुलगा न्यूयॉर्कचा, एक मुलगी मुंबईची. दोघंही तेरा वर्षांची. दोघांच्या गोष्टींत अंतर आहे ते वीस वर्षांचं. मुलानं १९५६ साली एका बुद्धिबळ क्लबमध्ये असा एक डाव जिंकला की जगानं त्याला डोक्यावर घेतलं. मुलगी १९७६ साली पटावर बसली, तेव्हा लोकांनी आधी विचारलं, हिला इथं बसायचा अधिकार आहे का?

या दोन मुलांच्या जोडीला तिसरीही एक मुलगी आहे. तिचं नाव कुठल्या पुस्तकात नाही. ती माझी थोरली बहीण, आमची ताई. आधी तिच्याबद्दलच सांगतो, कारण बुद्धिबळ मला तिनं शिकवलं.

आमचं गाव अंबडच्या बाजूचं. त्या काळी जालना जिल्हा झालेला नव्हता. आम्ही औरंगाबाद जिल्ह्यातले, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरमधले. घरी पट विकत आणलेला नव्हता. ओसरीच्या फरशीवर खडूनं चौसष्ट घरं आखायची आणि सोंगट्या म्हणून चिंचोके, खडे, बटणं, जे सापडेल ते मांडायचं. वजीर म्हणजे आजोबांच्या जुन्या कोटाचं मोठं बटण. खेळ गावठी नियमांचा. प्यादं एका वेळी एकच घर सरकायचं. किल्लेकोट वगैरे आम्हाला ठाऊक नव्हता. राजाला एकदा घोड्याची उडी मारता यायची, तेवढीच काय ती सोय.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिच्यासमोर मी टिकायचो नाही. मी सोंगट्या वाचवत बसायचो, ती देऊन टाकायची. घोडा देईल, हत्ती देईल, आणि मी खूश होऊन हातात घेतोय तोवर माझ्या राजाला शह बसलेला असायचा. म्हणायची, "अरे, मेलेल्या सोंगट्या कसल्या मोजतोस? राजा कुठं उघडा पडलाय ते बघ की."

मी सातवीत असताना गणपतीत मंडळानं बुद्धिबळाची स्पर्धा ठेवली. नियम नवे, म्हणजे आंतरराष्ट्रीय. ते मी आणि ताईनं मिळून आदल्या आठवड्यात पाठ केले. स्पर्धेला गेलो मी. ताई गेली नाही. तिला कुणी नाही म्हणालं नाही, पण कुणी ये असंही म्हणालं नाही. शेवटच्या डावात समोरच्या मोठ्या मुलाचा राजा मधेच अडकलेला दिसला आणि मी ताईसारखा घोडा देऊन टाकला. सात-आठ चालींत मात झाली. स्टीलचा डबा बक्षीस मिळाला. तो डबा पुढं कितीतरी वर्षं घरात साखरेला होता. त्या डब्यातली साखर चहात टाकताना ताईला काय वाटत असेल, हा विचार मला फार उशिरा सुचला.

असो. आता मूळ विषयाकडे येऊ. हल्ला करून जिंकणं म्हणजे नेमकं काय?

पुष्कळांना वाटतं, हल्ला म्हणजे धाडस. अंगावर धावून जाणं. यासाठी दूर जायला नको, आपल्याच जिल्ह्यातली असई घ्या. २३ सप्टेंबर १८०३. केळणा नदीच्या पलीकडे शिंदे आणि भोसले यांच्या फौजा तोफा मांडून उभ्या. अलीकडे आर्थर वेलस्ली, फौज कितीतरी थोडी. वाटाडे म्हणाले, इथं नदीला उतार नाही. वेलस्लीनं पाहिलं तर नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन खेडी दिसत होती. त्यानं ताडलं की एवढी जवळजवळ गावं असताना माणसांना, गुरांना जायला-यायला उतार असणारच. उतार होता. तो तिथून नदी ओलांडून बाजूनं चालून आला. लढाई आपण हरलो. त्याचीही दीड हजारांवर माणसं मेली, जखमी झाली. पुढं वॉटर्लू जिंकलेला हा माणूस असईला आपल्या आयुष्यातली सर्वांत सरस लढाई मानत असे, असं सांगतात.

मला यात त्याचं कौतुक करायचं नाही. सांगायचं एवढंच की त्या दिवशी आधी डोळ्यांनी काम केलं, तलवार नंतर आली. बुद्धिबळातही तसंच असतं. बघणाऱ्याला दिसतो तो घोडा दिलेला, वजीर दिलेला. खेळणाऱ्यानं त्याआधी नदीचा उतार पाहिलेला असतो.

आता जाऊ न्यूयॉर्कला.

बॉबी फिशर १९४३ सालचा. सहा वर्षांचा असताना त्याच्या मोठ्या बहिणीनं, जोननं, दुकानातून एक बुद्धिबळाचा संच आणला आणि डब्यावरचे नियम वाचून दोघं खेळायला लागली. म्हणजे तिथंही बहीणच! मुलगा एकटा खेळत बसतो म्हणून आईला काळजी. आई रेजिना यांनी १९५० साली ब्रुकलिनच्या वर्तमानपत्राला पत्र लिहिलं की माझ्या मुलाबरोबर खेळायला त्याच्या वयाचं कुणी मूल मिळेल का? ही जाहिरात कुठल्या सदरात टाकायची हे त्या कचेरीत कुणाला कळेना. पण पत्र टोपलीत गेलं नाही. ते बुद्धिबळाचं सदर लिहिणाऱ्या हर्मन हेल्म्स यांच्याकडे गेलं. त्यांनी उत्तर पाठवलं की अमुक दिवशी ग्रंथालयात एक कसलेला खेळाडू अनेकांशी एकाच वेळी खेळणार आहे, मुलाला घेऊन या.

जानेवारी १९५१ मध्ये सात वर्षांचा बॉबी तिथं जाऊन बसला आणि पंधरा-वीस मिनिटांत हरला. पण बघणाऱ्यांत ब्रुकलिन चेस क्लबचे अध्यक्ष कार्माइन नायग्रो होते. पोरात काहीतरी आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी त्याला क्लबवर बोलावलं आणि शिकवायला सुरुवात केली. श्रोतेहो, फिशर पुढं जगज्जेता झाला हे सगळे सांगतात. त्याआधी एका आईनं पत्र लिहिलं, एका सदरलेखकानं उत्तर दिलं आणि एका क्लबच्या अध्यक्षानं पोराला आत घेतलं, हे कमी लोक सांगतात.

१९५६ च्या जुलैत हा मुलगा अमेरिकेचा ज्युनियर विजेता झाला. त्या बळावर त्याला रोझनवाल्ड स्पर्धेत बोलावणं आलं. बारा खेळाडू, देशातले अव्वल. स्पर्धा न्यूयॉर्कच्या मार्शल चेस क्लबमध्ये. १७ ऑक्टोबरला समोर बसले डोनाल्ड बर्न. वय सव्वीस, १९५३ ची अमेरिकन खुली स्पर्धा जिंकलेले. बर्न पांढऱ्या सोंगट्यांनी, फिशर काळ्या.

पट समोर नसला तरी कळेल असं सांगतो. अकराव्या चालीला बर्न यांनी आपला उंट पुन्हा हलवला. एकदा बाहेर काढलेली सोंगटी दुसऱ्यांदा हलवण्यात एक चाल खर्ची पडली आणि त्यांचा राजा अजून किल्लेकोटात गेलेला नव्हता, पटाच्या मध्यावर उघडाच होता. आमची ताई असती तर म्हणाली असती, हा बघ उघडा पडला!

फिशरनं घोडा उचलला आणि पटाच्या अगदी कडेला, बर्न यांच्या घोड्याच्या तोंडात नेऊन ठेवला. फुकट. घ्या म्हणाला. तो घोडा घेतला असता तर फिशरचा दुसरा घोडा मध्यावरचं प्यादं मारून एकाच वेळी वजिरावर आणि उंटावर चालून येणार होता, आणि राजासमोरची वाट मोकळी होणार होती. बर्न यांनी हे ओळखलं. घोडा घेतला नाही, वजीर मागं घेतला. पण तोवर उशीर झाला होता. थोड्याच चालींत मधलं प्यादं गेलं, राजासमोरची उभी वाट उघडली, हत्तीनं शह दिला आणि राजा बाजूच्या घरात सरकला. किल्लेकोटाचा हक्क गेला तो कायमचा.

आता सतरावी चाल. बर्न यांचा उंट फिशरच्या वजिरावर रोखलेला. साधा खेळाडू आधी वजीर वाचवील. तेरा वर्षांच्या पोरानं वजिराकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानं आपला उंट मधोमध आणून ठेवला. बर्न यांनी त्या उंटाला मारलं असतं तर फिशर स्वतःहून वजीर देऊन घोड्यानं मात करणार होता. हत्तीनं तो वजीर मारायचा आणि आपल्याच सोंगट्यांनी कोंडलेल्या राजाला घोड्यानं गाठायचं, अशी ती वाट. बर्न यांनी उंट सोडला आणि वजीर घेतला. मग फिशरचा उंट आणि घोडा मिळून शहावर शह देऊ लागले. राजा एका घरातून दुसऱ्या घरात आणि परत पहिल्या घरात, जात्याच्या खुंट्यासारखा फिरत राहिला आणि दर फेरीला फिशर काहीतरी उचलत राहिला. हिशेब झाला तेव्हा एका वजिराच्या बदल्यात त्याच्याकडे एक हत्ती, दोन उंट आणि एक प्यादं जमा होतं. बर्न यांचा एक हत्ती तर कोपऱ्यातच अडकून पडला होता.

कसलेला खेळाडू अशा वेळी डाव सोडून देतो. पण पोराला पटावर मात करू द्यावी म्हणून बर्न शेवटपर्यंत खेळले. एक्केचाळिसाव्या चालीला मात झाली. हा मोठेपणा आठवणीत ठेवण्यासारखा आहे. हान्स क्मोख यांनी त्या वर्षीच्या डिसेंबरात एका बुद्धिबळ मासिकात या डावाला 'शतकाचा डाव' म्हटलं. हेही सांगतो की त्या स्पर्धेत फिशरला अकरांपैकी साडेचारच गुण मिळाले, आठव्या-नवव्या क्रमांकावर बरोबरीत राहिला. स्पर्धा कोणी जिंकली हे विचारलं तर आज पुष्कळांना आठवणार नाही. आठवतो तो हा एक डाव.

यात आपल्यासाठी आणखी एक गंमत दडलेली आहे. फिशरनं त्या दिवशी सुरुवातीला जी मांडणी केली तिला 'ग्रुनफेल्ड बचाव' म्हणतात. ऑस्ट्रियाचे अर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनी ती १९२२ मध्ये रूढ केली म्हणून त्यांचं नाव. पण ही मांडणी त्याआधी सदुसष्ट वर्षं, १८५५ साली, कलकत्त्यात खेळली गेलेली आहे. खेळणारा होता महेशचंद्र बॅनर्जी नावाचा बंगाली ब्राह्मण.

त्यांची हकिकत अशी. कलकत्त्यात जॉन कॉक्रेन नावाचे स्कॉटिश बॅरिस्टर होते, युरोपातल्या नामांकित खेळाडूंपैकी एक. कलकत्ता चेस क्लबमध्ये त्यांना तोडीचं कुणी नव्हतं. १८४८ मध्ये क्लबच्या एका सभासदाला खेड्यात महेशचंद्र भेटले. आपल्या भागात त्यांना कुणी हरवलेलं नव्हतं. पण युरोपीय पद्धतीचा किल्लेकोट आणि प्याद्याची दोन घरांची चाल त्यांना माहीत नव्हती. आमच्या ओसरीवर आम्हाला नव्हती, तसंच. ते कलकत्त्याला आले, कॉक्रेन यांच्याकडून हरले, नियम शिकले आणि मग बरोबरीनं खेळू लागले. दोघांचे चारशेवर डाव नोंदलेले आहेत. प्यादं एकेक घर सरकवायची आपल्याकडची सवय, त्यातून उंट बाजूनं कोपऱ्याकडून बाहेर काढायची त्यांची रीत आली असं जाणकार मानतात. आज जगात 'किंग्ज इंडियन', 'क्वीन्स इंडियन', 'निम्झो-इंडियन' असे जे बचाव खेळले जातात त्यांतल्या 'इंडियन' शब्दाचा माग काढला तर तो या माणसापाशी येतो. १८५५ चा तो डाव मात्र महेशचंद्र हरले. कॉक्रेन यांनी घोडा घुसवून सुंदर हल्ला केला. डाव गेला, मांडणी राहिली आणि एकशे एक वर्षांनी एका पोराच्या हाती तिनं 'शतकाचा डाव' दिला.

पण महेशचंद्र त्या क्लबात शिरले ते कोणत्या नात्यानं? सभासद म्हणून नव्हे. क्लबानं त्यांना पगारावर ठेवलं होतं. साहेबांना खेळायला माणूस हवा, म्हणून दार उघडलं, तेही अर्धंच. आपल्याकडे मुंबईत १८१४ सालीच त्रिवेंगडाचार्य शास्त्रींच्या संस्कृत ग्रंथावरून बुद्धिबळावरचं इंग्रजी पुस्तक छापलं गेलं होतं. म्हणजे विद्या आपल्याकडे होती. खेळाच्या खोलीची किल्ली दुसऱ्याकडे होती.

आता मुंबईला येऊ आणि त्या मुलीकडे वळू.

'नवाकाळ' हे दैनिक नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी १९२३ मध्ये सुरू केलं. त्यांचे नातू नीलकंठ खाडिलकर त्याचे संपादक. अग्रलेखांचा बादशहा म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखत असे. त्यांच्या तीन मुली वासंती, जयश्री आणि रोहिणी. तिघी बुद्धिबळ खेळणाऱ्या. देशात महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली पहिल्यांदा भरली. ती जिंकली वासंतीनं. पुढच्या वर्षी जयश्री. आणि त्यानंतर रोहिणी. पहिली दहा वर्षं हे अजिंक्यपद या एका घराबाहेर गेलंच नाही. रोहिणी पाच वेळा, जयश्री चार वेळा, वासंती एकदा. एका घरातल्या तीन बहिणी! घरी तोडीचं कुणी समोर बसायला असलं की काय होतं ते यावरून कळतं.

पण रोहिणीला एवढ्यावर थांबायचं नव्हतं. १९७६ साली, तेराव्या वर्षी, ती पुरुषांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत उतरली. अशी उतरणारी ती पहिली भारतीय महिला. महिला कसली, शाळेत जाणारी मुलगी. आणि गदारोळ उठला. मुलीनं पुरुषांच्या स्पर्धेत कशाला यायचं? तिच्यासाठी वेगळी स्पर्धा आहे ना? प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि निकाल तिच्या बाजूनं लागला. आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाचे, म्हणजे 'फिडे'चे, त्या वेळचे अध्यक्ष होते डॉ. मॅक्स युवे. पेशानं गणिताचे शिक्षक, १९३५ ते १९३७ या काळात जगज्जेते. त्यांनी स्पष्ट केलं की राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत खेळायला स्त्री आहे म्हणून कुणाला मज्जाव करता येणार नाही.

क्षणभर थांबून हे तोलून बघा. वीस वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये तेरा वर्षांचा मुलगा मोठ्यांच्या स्पर्धेत बसला तेव्हा सगळे म्हणाले, शाबास! मुंबईची तेरा वर्षांची मुलगी बसली तेव्हा कोर्टाची पायरी चढावी लागली. आणि गंमत, खरं तर खेद, असा की तोच फिशर मोठा झाल्यावर म्हणायचा, जगातल्या कुठल्याही बाईला मी एक घोडा आधीच देऊन हरवीन. ज्याच्या हातात पहिला पट त्याच्या बहिणीनं ठेवला, त्याचं हे बोलणं! पटावर इतकं लांबचं पाहणाऱ्या माणसाला शेजारचं दिसलं नाही.

फिशरच्या बोलण्याला उत्तर कुणी भाषण करून दिलं नाही, खेळून दिलं. रोहिणीनं स्पर्धांमधून तीन राज्यांच्या विजेत्यांना हरवलं. गुजरातचे गौरांग मेहता, पश्चिम बंगालचे ए. के. घोष आणि आपल्या महाराष्ट्राचे अब्दुल जब्बार. १९८१ मध्ये ती आशियाई महिला विजेती झाली. ती स्पर्धा झाली हैदराबादला. मराठवाड्याच्या जुन्या माणसांना हैदराबाद म्हटलं की काय काय आठवतं ते मी सांगायला नको. १९५६ पर्यंत आपली राजधानी ती. आणि तेच वर्ष आपलंही. १ मे १९८१ ला जालना जिल्हा जन्माला आला. १९८३ मध्ये क्वालालंपूरला रोहिणीनं हा मान पुन्हा मिळवला. तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जयश्री १९७९ मध्ये भारताची पहिली महिला आंतरराष्ट्रीय मास्टर झाली होती. पुढं दोघी बहिणी वर्तमानपत्राच्या संपादक झाल्या.

त्या दाराची फट एकदा रुंदावली, मग माणसं येतच राहिली. हंगेरीच्या ज्युडिट पोल्गारनं १९९१ च्या डिसेंबरात पुरुषांबरोबर खेळून आपल्या देशाचं अजिंक्यपद जिंकलं आणि पंधरा वर्षं चार महिन्यांच्या वयात ग्रँडमास्टर झाली. फिशरचा १९५८ चा सर्वांत लहान ग्रँडमास्टरचा विक्रम मोडला तो एका मुलीनं. मुलींमधला ज्युडिटचा विक्रम २००२ मध्ये मोडला आंध्रच्या कोनेरू हंपीनं. आणि जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमी इथं महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात याच हंपीसमोर बसली नागपूरची दिव्या देशमुख. वय एकोणीस. दोन्ही खेळाडू भारतीय, असं पूर्वी कधी झालं नव्हतं. मुख्य दोन डाव बरोबरीत सुटले. जलद डावांतला पहिलाही बरोबरीत. दुसऱ्यात, २८ जुलैला, दिव्या काळ्या सोंगट्यांनी जिंकली. स्पर्धेला आली तेव्हा तिच्याकडे ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एकही निकष पुरा झालेला नव्हता. विश्वचषक जिंकल्यामुळे किताब थेट मिळाला. ती भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर आणि महिलांमध्ये चौथी.

अठ्ठ्याऐंशींत चौथी. हा हिशेब ऐकून टाळ्या वाजवायच्या की मान खाली घालायची, ते तुम्हीच ठरवा. बुद्धिबळात ना उंची लागते, ना दंडातली ताकद. घोडा मुलीच्या हातातही अडीच घरंच चालतो. मग एवढा फरक का पडावा? माझं उत्तर साधं आहे. पटावर कुणी कमी नसतं, पटापर्यंत पोचू दिलं जात नाही. किती ताया घरच्या ओसरीवर जिंकल्या आणि मंडळाच्या मांडवात गेल्याच नाहीत, याची नोंद कुठल्या दप्तरात आहे?

म्हणून मला क्लबचं महत्त्व वाटतं. क्लब म्हटलं की डोळ्यांसमोर काहीतरी श्रीमंती येते. तसं काही लागत नाही. सांगलीला भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केलं, मुलांना पट दिले, स्पर्धा भरवल्या आणि त्या गावाचं नाव देशाच्या बुद्धिबळात झालं. लागतं काय? एक खोली, दोन सतरंज्या, दहा पट, आणि दर रविवारी न चुकता कुलूप काढणारा एक माणूस. शिवाय वर्षातून एकदा मंडळाची स्वतःची अजिंक्यपद स्पर्धा. त्या स्पर्धेचं बक्षीस साखरेचा डबा असला तरी चालेल. पोराला किंवा पोरीला आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या माणसासमोर बसून, हात थरथरत असताना, घोडा सोडून द्यायची संधी मिळते ती तिथं. घरी भाऊ-बहिणीसमोर दिलेला घोडा वेगळा. भरल्या खोलीत, घड्याळ चालू असताना दिलेला वेगळा.

जालन्याला 'सोने का पालना' म्हणतात. इथं लोखंडाचे कारखाने आहेत, बियाणांचा धंदा देशभर गेलेला आहे. बी चांगलं असलं तरी वाफा तयार लागतो, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. परतूर, मंठा, घनसावंगी, भोकरदन, प्रत्येक तालुक्याला असा एक वाफा का असू नये? आणि स्पर्धेची पाटी लावताना खाली एक ओळ आठवणीनं लिहा की मुलींनी अवश्य यावं. नाही म्हणत नाही एवढ्यानं भागत नाही, ये म्हणावं लागतं. आमच्या गावच्या मंडळानं तेव्हा तेवढंच केलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मीही केलं नव्हतं.

रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या स्पर्धेत खेळली ही बातमी आमच्या घरी आली तेव्हा ताईचं लग्न ठरलेलं होतं. तिनं ती बातमी दोनदा वाचली, वर्तमानपत्राची घडी घातली आणि कामाला लागली. काही बोलली नाही.

दिव्या जिंकली त्या संध्याकाळी मी ताईला फोन केला. आता तिला नातवंडं आहेत. म्हटलं, "ताई, नागपूरची पोरगी जगात पहिली आली." तिनं विचारलं, "काळ्यानं जिंकली का पांढऱ्यानं?" म्हटलं, "काळ्यानं." थोडा वेळ फोनवर काही आवाज नाही. मग म्हणाली, "या रविवारी ये. येताना पट घेऊन ये. नात शिकते म्हणतीय, आणि घरातली बटणं काही आता पुरायची नाहीत."

मी गेलो. पट नेला, लाकडी. तिची नात आठ वर्षांची आहे. पहिल्याच डावात तिनं मला घोडा देऊ केला. मी घेतला नाही. आधी माझा राजा कुठं उभा आहे ते पाहिलं.